मिसकॉलवाली ताई

आमच्या ताईले कोनाचं बोलनं संपलेलं चालतच नव्हतं. गिऱ्हाईक सांगे, "सदरा घेतला." ताई म्हने, "मंग पुढं?" "पुढं काय, घातला." "मंग?" अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या दुकानात एक जन तिले म्हने, "बाई, मी सदरा न्याले आलो, जबानी द्याले नाही."

दुकान संस्थेचं होतं. लोकाइनं देलेले जुने कपडे आमी स्वस्तात विकू, अन् त्या पैशातून संस्था डोळ्याचं शिबिर अन् शिवनाचा क्लास चालवे. कापसाचे वाईट दिवस होते, जुनं लुगडंही कोनी लवकर टाकत नव्हतं, अन् वरून दुकानदार मी. गल्ल्यात काय पडन? संस्थेची समिती दुकान बंद कराले निघाली. त्याआधी दुकानाचा लोकाइले काही उपयोग होते का, हे मोजाले अमरावतीहून ताईले पाठवलं.

ताईनं मले एक मोबाईल देला. "गजाभाऊ, जो कपडे दीन नाही त घीन, त्याले या नंबरवर मिसकॉल द्याले लावा. मी मंग फोन करून इचारीन." लिहाचं काम नाही म्हनून मी खूश. शाळेत मी एकदाच गेलो, तेही बकरी हाकलाले.

पन एवढं लंबं माह्या डोक्यात राहिलं नाही. बाजूच्या दवाखान्यात ज्याइचे पेशंट भरती असत, त्या बाया आमच्या पंख्याखाली येऊन बसत. पानी द्याच्या आधी मी म्हनो, "माय, मिसकॉल मार." रिक्षावाला रफीकभाई रोज मारे. डबा घेऊन आली तवा माह्या बायकोनंही मारला.

ताईनं फोन लावले, त निम्म्या लोकाइनं काहीच घेतलं नव्हतं. "गजाभाऊ, हे दुकान हाय का धरमशाळा?" मले वाटलं, समितीच्या आधी ताईच कुलूप लावते. पन तिनं ते नंबर काही फेकले नाहीत. इचारतच गेली.

मीटिंगीत अध्यक्षसाहेब म्हनाले, "ताई, गल्ल्याचं बोला." ताईनं फोन टेबलावर ठेवला. "यातला कोनताही नंबर लावा, साहेब." साहेबाइनं स्पीकरवर लावला. मूर्तिजापूरकडची एक बाई निघाली.

"दुकानातून काय घेतलं?"

"काई नाही. बेकार होते कपडे तिथले. पन त्या मामानं बसू देलं, पानी देलं."

साहेबाइनं माह्याकडं पाहिलं. मी छताकडं.

ताई म्हने, "मंग पुढं?"

"तिथंच शिबिराचं समजलं. सासूले नेलं. आता तिले सारं दिसते, माह्या भातातले खडेबी. मंग गावातल्या बाया घेऊन मी शिवनाच्या क्लासले येऊन राहिली. काहून, बंद करता काय?"

दुकान वाचलं. ताईची नोकरी गेली. मोजनं झालं, आता मोजनारी कायले, असं समितीचं म्हननं. मी तिले म्हनलं, "ताई, तुमच्यानं कोनाचं काय भलं झालं, ते कोनी मोजलं काय?"

ती म्हने, "त्याच्यासाठी आनखी एक बाई ठेवा लागन, भाऊ. मंग तिलेबी काढतीन."

जाताना आपली एक निळी साडी विकाले देऊन गेली. साडी चांगली हाय, कोनी ना कोनी भाव इचारतेच. मी नव्या साडीपेक्षा जास्त सांगतो. बाया म्हनतात, "मामा, तुमाले धंदा समजत नाही."

खरं हाय. साडी अजून टांगेल हाय.