वाळवणाच्या शेडमधला पंखा

बाईच्या हातात पाना बघून जो हसतो, त्याला मी आजही माझ्या ओट्यावर बसू देत नाही. मग तो जावई असो नाहीतर जावयाचा बाप. याला कारण एक फिटर आहे, आणि तो फिटर एकटाच कारण असता तर मी केव्हाच विसरून गेले असते.

लढाईच्या वर्षांतली गोष्ट. मोरव्याच्या खाडीच्या अंगाला एका शेठनं मासळी वाळवायची शेड घातली होती. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात जातात, बोंबील येतात, पण ऊन कुठून आणणार? भादव्यात आभाळ गळत असतं, आणि ओला बोंबील वाळवायच्या दोरीवर, वलांडीवर, टाकला तर दोन दिवसांत किडे पडतात. म्हणून शेठनं लोखंडी भट्टी बसवली. तिच्यात डिझेल थेंब थेंब गळायचं आणि पेटायचं. मागे विजेच्या मोटरवर पंखा होता, तो ती गरम हवा पत्र्याच्या नळातून मासळीवर ढकलायचा. वीज शेजारच्या खोलीतल्या इंजिनावर तयार व्हायची. पंखा जोरात असला की जाळ स्वच्छ. तो मंदावला की भट्टी धुरकटायची, काजळी मासळीवर बसायची, आणि काळी मासळी खरेदीला येणारा लष्कराचा माणूस हातात घेत नसे.

मी तिथे बोंबील चिरायला लागले होते. पंखा चालवणारा माणूस मुंबईला कारखान्यात निघून गेला. मी अख्खा हंगाम त्याच्या हातांकडे बघत काढला होता, म्हणून शेठला म्हटलं, मी चालवते. शेठ म्हणाला, "चलाव तू. पण बंद पडला तर परत बोंबील चिरायला बसायचं." मला ते काम हवं होतं. बोंबील चिरून बोटांना भेगा पडतात आणि भेगांत मीठ जातं, ते तर टळलंच. पण मी खटका ओढला की पंखा घूं करून उठायचा आणि चाळीस बायका माझ्याकडे बघायच्या. एवढा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

सासऱ्यांनाही मीच शेठला सांगून तिथे रखवालदार म्हणून लावलं होतं. जन्मभर तांडेल म्हणून होडी चालवलेली. होडी खडकावर फुटली तेव्हापासून दारात बसून समुद्राला शिव्या देत. शेडवर आले आणि माणसात आले. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन शेड झाडायचे, पंखा, मोटर, सगळं पुसून लख्ख ठेवायचे. मी आल्यावर म्हणायचे, "बग पोरी, नवरीवानी हाय." मला बरं वाटायचं.

आणि एक दिवस फ्यूज उडाला. मी तार बदलली. दुसऱ्या दिवशी दोनदा उडाला. तिसऱ्या दिवशी पंखा चालला, पण दमेकरी जिना चढतो तसा, आणि दोन पाट्या मासळी काळी झाली. मी डोकं शांत ठेवून बघितलं. त्याच तारेवरचा दिवा झगझगीत जळत होता, म्हणजे वीज पुरती येत होती. मग सगळं बंद करून पंख्याला हातानं गती दिली. आधी एका धक्क्यात तो गरगर फिरत राहायचा. आता जिथे सोडला तिथे थांबला. म्हणजे दुखणं विजेचं नव्हतंच, मोटरचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथेच काहीतरी आवळलं होतं. मी शेठला सांगितलं, मोटर खोलू द्या, तासाभराचं काम आहे. शेठनं मुंबईहून फिटर बोलावला.

फिटर इस्त्रीच्या शर्टात आला. नाकाने कांदे सोलत शेडभर फिरला, मासळीचा वास येतो म्हणून रुमाल धरला. अरे बाबा, मासळीच्या शेडमध्ये काय अत्तर शिंपायचं? मी म्हटलं, "पंखा हातानं फिरवून बघा, जड लागतोय." तो शेठकडे बघून हसला. "बाई, चुलीत फुंकर घालणं वेगळं न् मोटर वेगळी." चिरायला बसलेल्या बायकासुद्धा हसल्या. त्यांचा राग मला जास्त आला.

त्यानं मोटरचे कार्बन बदलले. फ्यूज उडाला. इंजिनावरच्या डायनामोच्या तारा घट्ट केल्या. फ्यूज उडाला. दीड दिवस हाच खेळ, आणि टोपल्यांतली मासळी वास मारायला लागली. शेवटी या शहाण्यानं फ्यूजमध्ये बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार घातली. फ्यूज उडतो कशाला? मोटर जळू नये म्हणून. तो उडूच नये अशी सोय केली तर मोटर जळणार नाही तर काय होणार? त्यानं खटका ओढला. पंखा जागचा हलला नाही, मोटर नुसती गुरगुरली आणि करपल्याचा वास आला. मी त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि खटका खाली पाडला. तो म्हणाला, "हात कोणाला लावतेस?" मी म्हटलं, "तुला. परत लावीन."

शेठ त्याला बाहेर चहाला घेऊन गेला. मी पाना उचलला. पंख्याकडच्या बाजूचं झाकण काढलं, बेअरिंग उघडं केलं. आत तेल नव्हतंच. पिवळट, चिकट, फणसाच्या चिकासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. मी नखानं खरवडून नाकाशी नेलं आणि वास लगेच ओळखला.

ते मुशी माशाचं तेल होतं. मुशीच्या काळजाचं तेल आम्ही होडीच्या लाकडाला चोपडतो, ते सुकून कातडीसारखं बसतं आणि लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं. होडीला जे अमृत तेच गरम मोटरला विष. खरं मशीनचं तेल शेठच्या कपाटात कुलपात असायचं, लढाईमुळे मिळत नाही म्हणून आठवड्याला एक पळी द्यायचा. पहाटे मोटर पुसताना सासऱ्यांना ती कोरडी दिसली असणार. ज्या वस्तूवर घर चालतं तिला तेल पाजायचं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. रोज पहाटे पाजत होते.

मी घासलेटनं सगळं धुतलं, शेठच्या पळीतलं तेल सोडलं, फ्यूजला बारीक तार घातली. पंखा पहिल्या खटक्याला उठला. आवाज ऐकून दोघं आत आले. फिटरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण त्यानं चिकानं भरलेलं फडकं उचललं, हुंगलं आणि शेठपुढे धरलं. "मासळीचं तेल. कोणी घातलं ते विचारा."

शेठ ओरडला, ज्यानं घातलं तो उद्यापासून फाटकात दिसता कामा नये. सासरे दारातच उभे होते, हातात काठी. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, मी आळ माझ्यावर घेतला की हा माणूस पुढे येईल. भर वादळात सुकाणू न सोडलेला माणूस तो. म्हणून मी म्हटलं, "मी घातलं."

ते पुढे आले नाहीत. पंखा मीच चालू केला म्हणून शेठनं मला फाटकाबाहेर काढलं नाही, चिरायला बसवलं, आणि खटक्यावर फिटरच्या ओळखीचा एक माणूस आणला. शेठला वाटलं, उपकार केले.

घरी मी भात वाढला. ते खाली मान घालून बसले होते. मी विचारलं, "आबा, तुमी का न्हाय बोललाव?"

त्यांनी भातात कालवण ओतलं, सावकाश कालवलं. "तू तरनी हायस. तुला कोनी पन काम देल. मना कोन देल?" असं म्हणून घास तोंडात घातला.

त्यांचं म्हणणं खरं होतं. खोटं असतं तर मी तेव्हाच भांडून मोकळी झाले असते. ते मरेपर्यंत मी त्यांना वाढलं, दुखण्यात उशापायथ्याशी बसले, सगळं केलं. माफ मात्र केलं नाही.