जामाचा पाव आणि बसका बैल

माझ्या घरात नाचणी शिजत नसे. तसा माझा हुकूमच होता. लहानपणी बंगल्यांवर बागकामाला जाताना मी फडक्यात काळी भाकरी बांधून नेई. बंगल्यातल्या पोरांनी एकदा ते फडकं सोडून पाहिलं आणि "हा शेण खातो" म्हणून हसली. पुढे मी त्याच फाटकांशी पत्र्याच्या पेटीतून खारी-बटर विकली आणि घासाघीस करत करत लोणावळ्याच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून माझ्या मुलीच्या डब्यात रोज जामाचा पाव.

बायको म्हणायची, "अहो, पोरीचं पोट साफ होत नाही. एखादी भाकरी देऊ द्या की."

मी तिच्यावर खेकसायचो.

सन साठ-बासष्टच्या सुमारास बालवाडीत नव्या बाई आल्या. पोरांना अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यांवर बैल काढले, एक उभा आणि एक बसलेला. मावळातल्या पोराला याहून जास्त समजवावं लागत नाही. नांगराला जुंपलेला बैल मध्येच बसला की मालकाची गावभर शोभा होते. डबे उघडले की बाई भाकरी, उसळ, पालेभाजीपुढे उभा बैल ठेवत आणि पाव, बिस्किटं, गोळ्यांपुढे बसका.

एके दुपारी मुलगी भरलेला डबा घेऊन रडत घरी आली. "माझा बैल बसला," म्हणाली. मी तिला हाताला धरून तसाच बालवाडीत गेलो. पोरांना न्यायला आलेल्या बाया दारातच उभ्या होत्या.

"बाई, सगळ्या बालवाडीत माझ्या पोरीचा डबा महागाचा आहे. ठाऊक आहे का?"

"असेल, भाऊ. पण तिला बळ कशानं येईल ते मी बघते."

मग माझं डोकं फिरलं. बाईंचं शिक्षण, बाईंचा पगार, सगळं मी तोंडाला येईल तसं काढलं. त्या ढिम्म हलल्या नाहीत. तेव्हा मी घासाघिशीच्या सवयीनं खाली उतरलो. "बरं, उभा नको. निदान गुडघे टेकलेला तरी काढा. पावाला लोणी लावून देतो."

"अवो भाऊ, बैल इकत घ्यायला आलाय व्हय?" मागून आवाज आला. डोंगरावरच्या वाडीतून बाजारात भाजी आणणारी बाई होती ती. तिचा पदर धरून उभी असलेली मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

माझी मुलगी हसली नाही. सदरा ओढत म्हणाली, "बाबा, ओरडू नका ना. रोज ही मला तिची अर्धी भाकरी देते. मग माझा बैल उभा राहतो. आज तिच्याकडे थोडीच होती."

"आणि आपला पाव?"

"कुत्र्याला."

जिच्या घरी दोन वेळा चूल पेटेल याची खात्री नव्हती, तिच्या पोरीच्या घासातला घास माझी पोर खात होती. आणि मी तिथे बैलाचा भाव करत होतो. मान खाली घालून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच बाईकडे नाचणी मागितली. ती माप भरू लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शीग लाव की वर."

तिनं मापाच्या काठावर नाचणीची शीग लावली. म्हणाली, "तुमच्या पोरीनं आमची भाकर खाल्ली, ती म्या मापून न्हाई दिली, भाऊ."

शेजारचे दुकानदार बघत होते. पिशवी घेऊन मी घरी आलो.

बाईंनी मला आधी एकट्याला बोलावून सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. चारचौघांत माझी शोभा झाली, ती मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या सकाळी बायकोनं ती नाचणी दळून भाकरी थापली. कित्येक वर्षांनी तो वास घरात आला आणि माझ्यानं चुलीकडे बघवेना. मुलगी डबा पुढे करून म्हणाली, "दोन दे."

"दोन कशाला?" मी विचारलं.

बायकोनं डब्यात दोन भाकरी ठेवल्या.