ह्यांच्या शेजारी

ओल्या विभूतीचा वास आला की आईला घेऊन माळावर खोळंबलो होतो ती दुपार आठवते. आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात, आणि "मला ह्यांच्या शेजारी बसवा," एवढंच आई शेवटी म्हणाली होती. वडील आमच्याच शेताच्या कडेला, दगडांच्या जुन्या टेकाडापाशी होते. पण ते टेकाड आदिमानवाचं थडगं निघालं, सरकारी पाटी लागली, आणि वडिलांच्या समाधीसकट सगळं तारेच्या कुंपणात गेलं. राखणदार म्हातारा गावातलाच, सगळे त्याला मामा म्हणत. थोरल्या भावानं त्याचे पाय धरले. "मामा, आमचा बाप हितंच हाय की!" "व्हय रं, पर आत कुदळ लावली तर मला जेलात घालतील." "हजारो वर्षांच्या मढ्याला राखण, आन् माझ्या आईला हातभर जागा न्हाय?" मामा नुसता रडत होता, पण फाटकातून हलला नाही. ऊन पोळत होतं, ओली विभूती फासून खुर्चीत बसवलेल्या आईची मान कलंडायला लागली. शेवटी तारेला लागून बाहेरच खड्डा घेतला. आजही गेलो की बेलाचं एक पान आईला वाहतो आणि दुसरं तारेवरून आत फेकतो. ते वडिलांपर्यंत कधीच पोचत नाही.