शेजारच्या क्वार्टरमधली नायिका

लेथखाली लोखंडाच्या चिपा साचतात तसे आमच्या कॉलनीत किस्से साचतात, असं बाबा म्हणतात. संध्याकाळी झाडून काढावं, तर सकाळी पुन्हा ढीग. त्यातला सगळ्यांत मोठा ढीग कंपनीच्या नाट्यमंडळाचा. बाबा मंडळाचे दिग्दर्शक. तालमी कॅन्टीनमध्ये होतात आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसायचं, या अटीवर मलाही येऊ देतात. अभ्यास होत नाही.

हे किस्से आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात वेल्फेअर ऑफिसचा निरोप आला. आमच्या शेजारची क्वार्टर काढून घेणार. क्वार्टर फॅमिलीची, आणि राहतात दोघे बिनलग्नाचे, सदूकाका आणि वसंतकाका. वसंतकाकांना ती मिळाली तेव्हा त्यांची आई होती. आई वारली, सदूकाका त्याआधीपासूनच तिथे होते आणि तिथेच राहिले. आता एकाने हॉस्टेलमध्ये जायचं, दुसऱ्याने काळेवाडीत खोली बघायची. वेल्फेअरचे नवे साहेब त्याआधी एकदा स्वतः पाहून जाणार होते.

त्या दिवसांत जिन्यात जो भेटेल तो या दोघांबद्दलच बोलत होता.

*

सदूकाका टर्नर आहेत आणि मंडळाची नायिका आहेत. कॉलनीतल्या बायका साडी घेताना आधी त्यांना दाखवतात.

एका वर्षी वरून हुकूम आला की जमाना बदलला, बायकांची कामं बायकांनीच करावीत. मग ऑफिसातल्या टायपिस्ट ताईंना नायिका केलं. ताई बिचाऱ्या मनापासून काम करत होत्या. पहिला अंक संपला तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी बाबांना म्हणाल्या, "पोरगा चांगलाय हो, पण सदूसारखी बाई नाही वाटत."

ताईंनी पुढच्या तालमीला स्वतःच सदूकाकांकडून पदर धरायला शिकून घेतलं. पण नायिकेचं काम परत सदूकाकांनाच दिलं.

*

वसंतकाका स्टेजवर येत नाहीत. ते पडदा ओढतात.

एका नाटकात दारुडा नवरा बायकोच्या थोबाडीत मारतो, असा प्रसंग होता. नवरा झाले होते जाधव फोरमन. ते इथल्याच गावचे, त्यांच्या जमिनीवरच कंपनी उभी राहिली आहे. त्यांचा हात म्हणजे फावडं. तालमीत ते हवेतच हात फिरवायचे. पहिल्या प्रयोगाला मात्र रंगात आले आणि हात खरंच लागला.

पडदा पडला. अंक निम्मादेखील झाला नव्हता.

बाबा विंगेत धावले. "वसंता, काय केलंस?"

"दोरी सुटली," वसंतकाका म्हणाले.

दुसऱ्या प्रयोगाला जाधवांनी हात फक्त उचलला. पुन्हा पडदा. तिसऱ्यांदा ते नुसते दोन पावलं पुढे आले, तर पडद्याची कड हलायला लागली. जाधव वैतागले. "आरं, मी मारत न्हाई तुझ्या सदूला. पन नाटकात तरी मारू दे की."

"टेबलावर मार," वसंतकाका म्हणाले.

शेवटी बाबांनी प्रसंगच बदलला. नवरा टेबलावर हात आपटतो आणि रडतो. स्पर्धेत परीक्षकांनी जाधवांना बक्षीस दिलं, संयमित अभिनयासाठी. जाधवांनी मला दोनदा विचारलं, संयमित म्हणजे काय.

*

बांगड्यांची गोष्ट बाबा सगळ्यांत जास्त वेळा सांगतात.

गणपतीत लागोपाठ प्रयोग होते, म्हणून सदूकाकांनी चिंचवडच्या कासाराकडून हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. प्रयोग संपले. बांगड्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं. शेवटी तशाच हातांनी ते पहिल्या पाळीला गेले.

फिरत्या मशीनवर अंगठीसुद्धा चालत नाही. जाधव फोरमननी बघितलं आणि लेथचं बटण बंद केलं.

"काढ त्या."

"निघत नाहीत."

"मंग फोड. हातोडी देऊ का?"

सदूकाकांनी दोन्ही हात मागे घेतले. मग हळूच म्हणाले, "वसंता या आठवड्यात पॉवर प्रेसवर आहे, भाऊ. मी बांगड्या फोडायच्या आणि तो प्रेसवर उभा राहायचा, असं कसं करू?"

हातोडी हातात घेऊन जाधव उभे राहिले. त्यांच्या घरी कारभारणीची एक बांगडी पिचली तरी ती 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणते, आणि त्या दिवशी त्यांना गाडी जपून चालवायला सांगते. त्यांनी हातोडी ठेवून दिली. "व्हय. प्रेस लय वंगाळ मशीन हाय," एवढंच म्हणाले, आणि सदूकाकांना बांगड्या आपोआप निघेपर्यंत तपासणीच्या टेबलावर बसवलं.

नेमके तेव्हाच मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन मशीन शॉप दाखवायला आले. पाहुणे टेबलापाशी थांबले. खाकी युनिफॉर्म, हातात गेज, मनगटभर हिरव्या बांगड्या.

"हे काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सेफ्टी, साहेब," जाधव म्हणाले.

पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या मशीनकडे गेले.

*

शनिवारी मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवतात. एका सिनेमात एक माणूस होता. कंबर हलवत चालायचा, मनगटं लचकवत बोलायचा, हिरोच्या गळ्यात पडायचा. तो आला की मैदान हसायचं. हिरोने त्याला ढकललं की आणखी हसायचं. मीही हसत होते.

सदूकाका आमच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी वसंतकाकांना विचारलं, "हा घरी गेल्यावर जेवतो कुणाबरोबर?"

"सिनेमात कोण जेवतं?"

"हिरो जेवला की आत्ता. आईच्या हातचं."

वसंतकाकांनी शेंगदाण्यांची पुडी त्यांच्यापुढे धरली. मी तो माणूस पुन्हा येईल तेव्हा नीट बघायचं ठरवलं. पण पुढे तो कुठे गेला ते सिनेमात सांगितलंच नाही.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टीव्हीसाठी कामगारांची नाटुकली बघायला मुंबईहून एक साहेब आले. सदूकाकांचं काम बघून ते खूश झाले, पण म्हणाले, "कॅमेरा जवळून बघतो. तुमची दाढी दिसेल. बाईचं काम नको. तुम्ही 'तसा' माणूस करा."

"कसा?" सदूकाकांनी विचारलं.

"तसा हो. लोक हसतात तो."

"तसा म्हणजे कसा, साहेब? मला करून दाखवलंत तर कळेल."

साहेब उठले. कॅन्टीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कंबर हलवत गेले. वळले. मनगट लचकवलं, पापण्या फडफडवल्या, आणि जाधवांच्या छातीवर डोकं ठेवलं. जाधव संयमित उभे होते.

सदूकाकांनी सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग अगदी आदराने म्हणाले, "साहेब, इतकं छान मला आयुष्यात जमणार नाही. तुम्हीच करा."

नाटुकली टीव्हीवर लागली, तेव्हा कॉलनीच्या क्लबात बसायला जागा नव्हती. 'तसा' माणूस साहेबांनीच केला होता. सदूकाका पोस्टमन झाले होते. पत्र दिलं आणि गेले. दाढी दिसली नाही.

*

आणि मग वेल्फेअरचे नवे साहेब खरंच आले.

दुपारची वेळ. वसंतकाकांची रात्रपाळी होती, म्हणून ते घरी होते आणि दारात बसून वांगी चिरत होते. साहेब तरुण, पुण्याचे, फार सभ्य. त्यांनी चपला काढल्या आणि आत पाहिलं. दोरीवर मंडळाच्या धुतलेल्या साड्या, आरशापाशी कुंकवाची डबी, फळीवर लोणच्याच्या बरण्या.

"तुमचं लग्न झालेलं नाही ना?"

"नाही," वसंतकाका म्हणाले.

"मग या साड्या?"

"सदूच्या."

साहेबांनी दोरीकडे पुन्हा पाहिलं. तोपर्यंत आख्खा मजला गॅलरीत जमला होता. आईने त्यांना आमच्या घरची खुर्ची दिली. साहेब अवघडून म्हणाले, "वहिनी, माझाही नाइलाज आहे. ही क्वार्टर कुटुंबासाठी आहे. या घरात बाई कोण, एवढं मला कुणीतरी सांगा."

आई परक्यांशी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "ती फर्स्ट शिफ्टला गेलीय. भोंगा झाला की येईल. तोवर चहा घ्या."

साहेबांनी चहा घेतला. दुसरं काय करणार?

भोंगा झाला. सदूकाका जिना चढून आले, खाकी कपडे, तेलकट हात, काखेत मेथीची जुडी. गर्दी बघून ते थबकले असते, पण त्यांची नजर आधी ताटात गेली.

"वांग्याच्या फोडी केल्यास?"

"मग काय करायचं?"

"भरली करायची होती. सकाळी सांगून गेलो."

"सकाळी गेटवर भेटलास तेव्हा तू फक्त दुधाचं बोललास."

"दुधाचं बोललो, मग वांग्यांचं बोललो. तू ऐकतोस कुठे? मसालासुद्धा वाटून ठेवलाय मी."

"मग लिहून ठेवायचं."

"वांग्यांसाठी लिहून ठेवू? मागच्या वेळी भेंडीचं असंच केलंस."

"भेंडी मध्ये आणू नकोस."

"का नको आणू? तुझ्या आईनेसुद्धा तुला हेच सांगितलं असतं."

"आईला मध्ये आणू नकोस."

साहेब एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. दुसरा चहा हातातच निवला. बऱ्याच वेळाने त्यांनी वाकून आईला हळू आवाजात विचारलं, "हे रोज असंच?"

"रोज," आई म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. कप खाली ठेवला, उठले आणि चपला घातल्या. "क्वार्टर कुटुंबाकडेच आहे. ऑफिसात मी तसं सांगतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

सदूकाकांनी तेव्हा कुठे वळून पाहिलं.

"कोण होते रे हे?"

"विषय बदलू नकोस," वसंतकाका म्हणाले.