कलिंगातली नावं

बोरकर काका कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचे तेव्हासुद्धा त्यांच्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड असायचं, सँडविचच्या झिपवाल्या पिशवीत घालून. अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यावरून हसायचे, मी जरा जास्तच. एकदा म्हटलं, "काका, कचरापेटी कागद मागत नाही." तर शांतपणे म्हणाले, "आज नाही मागत, बेटा."

नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवून ते रिटायर झाले आणि काकू गेल्यावर मुलाकडे, सुमेधकडे, राहायला आले. सकाळी आम्ही दोघं चालायला जायचो. मी वर्क व्हिसावरची, लेऑफच्या बातम्यांनी झोप उडालेली. विषय एकच, मौर्य. "त्याआधीचा राजा लढाई मारायचा, खंडणी घ्यायचा नि घरी जायचा," काका सांगत. "मौर्यांनी गावागावात सरकारचा माणूस नेऊन बसवला. शेत मोजलं, गुरं मोजली. रस्ते बांधले, सावलीला झाडं लावली. पण रस्ता आला की चौकी येते. शिक्क्याचा परवाना दाखवल्याशिवाय पुढे जाता येईना. आणि संन्यासी, व्यापारी, भिकारी यांत कोण खरा नि कोण राजाचा हेर, ते कळायची सोय नाही." हे सांगताना ते आवाज खाली आणत आणि माझ्या फोनकडे बघत. मी त्यांची चेष्टा करायचे आणि घरी जाऊन आपल्या जुन्या पोस्ट डिलीट करायचे.

अशोकावर त्यांचा जीव होता, पण डोळे उघडे ठेवून. "यज्ञातली हत्या थांबवायला सांगितलं, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका असं दगडावर लिहिलं. केवढी मोठी गोष्ट. पण लोक ते पाळून राहिले का, हे बघायला अधिकारी नेमले. म्हणजे चांगुलपणालाही सरकारी खातं." एकदा मात्र चालता चालता थांबले. "कलिंगातून दीड लाख माणसं उचलून नेली, असं राजा स्वतःच सांगतो. फार वाईट वाटलं म्हणतो. तो लेख बाकी ठिकाणी कोरला, कलिंगात नाही. आणि त्या दीड लाखांतल्या एकाचंही नाव कुठे नाही, बेटा. मी जन्मभर मुलांकडून नुसता आकडा पाठ करून घेतला."

आणि मग ती सकाळ. समोरच्या लॉनवर चौघं गवत कापत होते. काळ्या काचांची एक गाडी येऊन थांबली आणि चेहरे झाकलेली इमिग्रेशनची माणसं उतरली. तिघं घरांच्या मागे पळाले, एक सापडला. त्याचे हात मागे बांधले. गवत कापायचं मशीन तसंच घरघरत होतं. आजूबाजूच्या खिडक्यांचे पडदे खाली आले. मी काकांची बाही धरली. "काका, प्लीज, घरी चला." त्यांनी बाही सोडवून घेतली आणि रस्ता ओलांडला.

"युवर नेम?" त्यांनी त्या माणसाला विचारलं. "टेल मी युवर नेम."

"एफ्राइन," तो म्हणाला. आडनावही सांगितलं.

झाकलेल्या चेहऱ्यांतला एक काकांकडे वळला. कागद मागितले. काकांना त्या पिशवीची झिप काही उघडेना. शेवटी त्यानेच ती ओढून घेतली, कार्ड उलटसुलट पाहिलं, परत दिलं. गाडी निघून गेली तसे काका रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांची पँट ओली झाली होती. मी दुसरीकडे पाहिलं.

"नाव विसरायच्या आत फोन लाव," ते म्हणाले. गवतवाल्यांच्या ट्रकच्या दारावर नंबर होता. मी लावला. पलीकडच्या बाईने पहिलं हेच विचारलं, चौघांपैकी कोणाला नेलं?

संध्याकाळी सुमेध चिडला नाही, घाबरला. "बाबा, त्यांनी तुमचं नाव नोट केलं असेल तर? प्लीज, आता कोणाला काही सांगू नका. नाव तर अजिबात नाही." त्याने काकांचं नागपूरचं तिकीट काढलं. काकांनी हो म्हटलं. त्यांनाही आता इथे झोप येत नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे बसले होते आणि बेल वाजली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा वाजली. "एफ्राइन्स वाइफ," दारापलीकडून बाईचा आवाज आला. काकांनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. पळालेल्या तिघांनी घरांमागून सगळं पाहिलं होतं, त्यांनीच तिला काकांचं घर दाखवलं होतं. नाव त्याच दिवशी कळल्यामुळे वकिलाला तो सापडला, म्हणाली. अजून आतच आहे, पण कुठे आहे ते ठाऊक आहे. ती रोज चर्चमध्ये जाते. प्रार्थनेत घ्यायला तिला त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव हवं होतं.

काकांनी शर्टाच्या खिशातली पिशवी चाचपली. मग त्यांनी साखळी काढली, दार पूर्ण उघडलं.

"वसंत गणपतराव बोरकर." तिला ते म्हणता येईना, तेव्हा त्यांनी वर्गात सांगावं तसं तोडून तोडून पुन्हा सांगितलं, तिला नीट येईपर्यंत.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "अँड यू?"

रस्त्यावरून एक गाडी हळू येत होती. काका माझ्याकडे बघत होते. गाडी पुढे जायची वाट न बघता मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट.