पाहून या

आमची कंपनी म्हणजे सिविक सेंटरमधल्या कापडाच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि आम्ही दोघं: सर आणि मी. पाटी मात्र अशी दणदणीत लावली होती की जिना चढणाऱ्याला वाटावं, वर निदान पन्नास माणसं बसली असतील. छत्तीसगढ वेगळं झालं नव्हतं, भोपाळ अजून आमची राजधानी होती तेव्हाची ही गोष्ट. कारखान्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर नुकते शिरत होते. त्यांच्यासाठी लागणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो, जाऊन बसवायचो आणि अडले की शिव्याही आम्हीच खायचो. लिहायचं काम माझं. शिव्याही बहुतेक माझ्याच वाट्याला. सरांना गोड बोलता यायचं, मला आजही येत नाही.

माझी मुलं कधी कधी विचारतात, "आई, तू तेव्हा बनवलं तरी काय?" मी ताठ मानेने सांगते, हथखोजच्या एका कारखान्यात मी यंत्राला आपली नागपुरी बोलायला लावली. हसतात मेले. हसू देत.

त्या कारखान्यात ओतकामाचे सुटे भाग बनायचे. माल गेटबाहेर काढायचा तर प्रत्येक गाडीसोबत चलान लागायचं, आणि ते टाइप करायच्या काकू. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, राहायला मरोद्यात. ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत भरलेल्या बांगड्या आणि जीभ अशी की मालाच्या गाडीचा ड्रायव्हरही अदबीने उभा राही. त्यांचे यजमान पोलादाच्या प्लांटमध्ये होते, पण छातीच्या दुखण्याने घरी बसले, त्यामुळे घर काकूंच्या पगारावर चालायचं. आम्ही तिथे कॉम्प्युटर बसवला त्याच दिवशी सेठजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दिवाली तक बहनजी इस पर चलान निकालने लगीं तो ठीक. नहीं तो मेरा भांजा बैठेगा." भाचा रायपूरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आला होता. वाईट मुलगा नव्हता. पण त्याला बसायला खुर्ची हवी होती आणि ऑफिसात रिकामी खुर्ची नव्हती.

शिकवायला मी जायचे, मोपेडवर, हथखोजची सगळी धूळ केसांत घेऊन. काकूंची बोटं टाइपिंगला पटाईत, इंग्रजी अक्षरं त्यांना डोळे मिटून सापडायची. अडायचं ते दुसरीकडेच. जरा काही राहिलं की यंत्र जोरात बीप करी आणि काळ्या पडद्यावर 'इनव्हॅलिड एन्ट्री' उमटे. काकू चटका बसल्यासारखे हात मांडीवर घ्यायच्या.

"काय म्हणून राहिलं वं हे?"

"काही नाही काकू. गाडीचा नंबर टाकायचा राहिला, एवढंच."

"मंग तसं सांग म्हणा ना त्याले! भोंगा कायले वाजवून राहिलं? अख्खं ऑफिस मायाकडे पाहून राहिलं."

एकदा फ्लॉपी घालायची राहिली, तर यंत्राने 'अबॉर्ट?' असं विचारलं. काकू उठूनच उभ्या राहिल्या. "अवं, लाज नाई वाटत काय तुमाले? बाईमाणसाले चार लोकांत असं इचारतेत काय?" मी खो खो हसले. त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, तुले हसू येऊन राहिलं. माई नोकरी जाऊन राहिली."

माझं हसू तिथेच विझलं आणि मग आला तो राग. काकूंवर नाही, त्या पडद्यावर. ज्या बाईने इतकी वर्षं एकही गाडी चुकीच्या कागदावर बाहेर जाऊ दिली नाही, तिला हा डबा ऊठसूट दरडावणार, आणि तेही परक्या भाषेत? सरांना म्हटलं, मी सगळे संदेश बदलणार. सर म्हणाले, "सारी दुनिया में अंग्रेजी में चलता है, तुम्हारी काकू के लिए दुनिया बदलेगी क्या?" म्हटलं, दुनियेचं मला माहीत नाही, हथखोजचं बदलते.

आधी हिंदीत करून पाहिलं. कारखान्यात सगळे हिंदीच बोलायचे. काकूंनी पडद्यावर 'गाडी नंबर भरिये' वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "हा तं सेठच बोलून राहिला आतून."

मग दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं, "काकू, समजा तुमच्या पोरीने गाडीचा नंबर न टाकता चलान आणलं, तर काय म्हणाल तिला?"

"काय म्हणीन? अवं बह्याडबेलने, गाडीचा नंबर राहिला, पाहून ये!"

बस्स, मला हवं ते मिळालं. 'बह्याडबेलने' गाळलं, 'ये'चं 'या' केलं, बाकी जसंच्या तसं. तसा एकेक संदेश त्यांच्याच तोंडून काढून घेतला. वजन विसरलं तर 'वजन कोण टाकीन?' तारीख चुकली तर 'तारीख पुन्हा पाहा, घाई कायची?' सगळं नीट झालं तर 'झालं बाप्पा!' फ्लॉपीचा तो दळभद्री प्रश्न यायच्या आतच 'फ्लॉपी घाला' असं सांगायची सोय केली. पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिली. आणि बीप काढून टाकला. त्याची कटकट एकदाची संपली.

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा काकू पडद्याकडे बघतच राहिल्या. मग तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की बांगड्या वाजल्या. "अवं माय, हे तं माई बाई बोलून राहिली! माई बाई अशीच म्हणे!" बाई म्हणजे त्यांची आई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवणार नाही. त्या दिवसापासून त्यांची बोटं पडद्यापुढे थांबली नाहीत.

सरांनी पाहिलं तेव्हा डोक्याला हात लावला. "ये मजाक है? सेठ मुँह पर फेंकेगा." आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मीही काही कमी नव्हते, मी कामापुरतंही बोलले नाही.

दिवाळी तोंडावर आली. सेठजींनी आम्हाला बोलावलं. गेटवर माल भरलेली गाडी उभी होती. सेठजी म्हणाले, आधी भाचा चलान काढेल, मग बहनजी. काकू उठून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला रुमाल पार चुरगळलेला मला दिसत होता.

भाचा बसला. झरझर टाइप केलं. गाडीचा नंबर त्याला माहीत नव्हता, म्हणून जागा सोडून पुढे गेला. पडद्यावर आलं, 'गाडीचा नंबर राहिला. पाहून या.' त्याने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "पाहुन... या..." मग मान वळवून म्हणाला, "पाहुन? कौन मेहमान आया है?"

आमच्या छत्तीसगढात पाहुण्याला पहुना म्हणतात. हा बिचारा खरंच उठला आणि खिडकीतून गेटकडे बघायला लागला, कोण आलंय ते! अख्खं ऑफिस फुटलं. मी तर टेबलाला धरून हसले. सेठजींच्याही मिशा हलल्या. एकट्या काकू हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मेहमान नहीं बेटा. देखके आओ बोल रहा है. गाडी का नंबर देखके आओ." आणि सेठजींचा भाचा खरोखर गेटवर जाऊन नंबर पाहून आला. काकू बसल्या, नंबर टाकला, वजन टाकलं, प्रिंटर करकरला, 'झालं बाप्पा!' आलं आणि गाडी गेटबाहेर पडली.

सेठजींनी चलान उलटसुलट करून पाहिलं. मग सरांकडे वळले. "बढ़िया है. अब इसको अंग्रेजी में कर दो."

इंग्रजी झालं की दुसऱ्या दिवशी भाचा त्या खुर्चीत, हे मलाही कळत होतं आणि काकूंनाही. आणि ग्राहकाला नाही म्हणणं सरांच्या रक्तातच नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर हसून म्हणाले, "सेठजी, जो चलाएगा उसी की बोली में लिखते हैं हम. यही तो हमारी कंपनी की खासियत है."

आठवडाभर माझ्याशी भांडलेला माणूस हा! सगळा राग तिथल्या तिथे माफ केला.

"फिर भांजे को कौन सिखाएगा?" सेठजींनी विचारलं.

"मैं सिखाऊंगी," काकू म्हणाल्या. "स्टूल मंगवा दो उसके लिए. कुर्सी मेरी है." शेवटचं वाक्य त्यांनी सेठजींच्या डोळ्याला डोळा देऊन म्हटलं. सेठजींनी शिपायाला स्टूल आणायला सांगितलं.

त्यानंतर कितीतरी कारखान्यांसाठी लिहिलं, मोठी कामंही केली. पण अभिमान विचाराल तर मला तेच एक आठवतं. तेव्हा आमच्या सेक्टरमधली, शेजारपाजारची मराठी पोरंसुद्धा घराबाहेर पडली की हिंदीत शिरायची. त्यांच्या आया रोज ओरडायच्या, पोरं ढिम्म.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ऑफिसात फोन वाजला. कारखान्यातून भाचा बोलत होता. मी नेहमीसारखं हिंदीत विचारलं, क्या हुआ? तर तिकडून काकूंच्याच मराठीत, न अडखळता:

"मॅडम, प्रिंटर कावून बंद पडून राहिला, समजून नाई राहिलं. काकू पोरीच्या लग्नाले गेल्या हायेत, चार दिवस मीच पाहून राहिलो."

मला हसू आवरेना. मुद्दाम दरडावून विचारलं, "आणि बसलास कुठे? काकूंच्या खुर्चीत?"

"नाई नाई मॅडम!" तो घाबरून म्हणाला. "स्टुलावरच बसून राहिलो."