ओढता पाय

आचऱ्याला आमच्या घरापुढच्या खळ्यात मी लाठी शिकले ती मोबाईलवर बघून. चाळिशी उलटली होती. नवरा बोटीवर, घरात सासूबाई आणि मी. मी शिकवते त्या शाळेच्या एका कार्यक्रमात मुलींना लाठी फिरवताना पाहिलं आणि माझेच हात शिवशिवले. जवळपास शिकवणारं कोणी नव्हतं. एक पुस्तक मागवलं, पण चित्रातली माणसं हलत नाहीत. मग व्हिडिओतले ते गुरुजी सापडले.

पांढरा सदरा, मागे विटांची भिंत. बोलणं कमीच. "परत," म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. मी मोबाईल पायरीवर नारळाला टेकवून ठेवायची आणि त्यांच्याबरोबर फिरायची. मनगट दुखतं, असं एकदा व्हिडिओखाली लिहिलं. उत्तर आलं, "मूठ सैल धरा. घाई नको." मग मी विचारत राहिले, उत्तरं येत राहिली.

एकदा सासूबाईंनी हटकलं, "पाय कित्याक ओढतंस गो? काय लागला?"

"नाय आई, ता तसाच आसता," मी म्हटलं. पुस्तकातल्या चित्रात डावा पाय स्वच्छ उचललेला होता. पण गुरुजी तसा उचलत नसत, म्हणून मी पुस्तकच चुकीचं मानलं.

पुढे कणकवलीला त्यांचं शिबिर असल्याचं कळलं. गुरुजींच्या पाया पडायचं ठरवूनच गेले. सभागृहात शिकवत होती माझ्याच वयाची एक बाई. गुरुजी दुपारी येतील, असं मला वाटलं. तिने एकेकाला करून दाखवायला सांगितलं. माझी पाळी आली. ती कुणाला तरी काही सांगत होती, ती मध्येच थांबली. माझं संपलं तशी ती जवळ आली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"गुरुजींनी. व्हिडिओतून. ते येणार आहेत ना आज?"

ती स्टेजच्या कडेला बसली. "मी त्यांची मुलगी. बाबांचा पाय स्कूटरवरून पडून मोडला होता. ते व्हिडिओ त्यानंतरचे. तो पाय त्यांना उचलताच यायचा नाही." मग म्हणाली, "बाबांना जाऊन वर्षं झाली."

"पण मला उत्तरं यायची..."

"मीच लिहायची. बाबा काय म्हणाले असते ते आठवून."

तिने खाली बसून माझा घोटा धरला आणि योग्य जागी उचलून दाखवला. पाय पुन्हा खालीच जाई. तिने परत उचलला, परत. मग तिने उचलणं सोडलं. नुसता धरून बसली.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं आणि नेटाने पाय सुधारला. लाठी हातात असली की तो उचलला जायचा. पण शाळेच्या व्हरांड्यातून चालताना मागे चप्पल घासल्याचा आवाज यायचा. कोण येतंय म्हणून मी वळून बघायची. मागे कोणी नसे. चप्पल माझीच असायची.

मे महिन्यात गुरुजींच्या मुलीचा फोन आला. "आईला घेऊन येऊ का? तिला तुमची लाठी बघायचीय."

दोघी आल्या. सासूबाईंनी शहाळी फोडून दिली. तिची म्हातारी आई ओटीवरच्या बाकावर टेकली. मी तिच्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "कसं करू? सुधारलेलं, की..."

"त्यांच्यासारखं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, आता ते जमणार नाही. पहिल्याच फेरीला पाय खाली गेला आणि खळ्याच्या मातीत रेघ उमटत गेली. म्हातारीने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. ती पायांकडे बघत होती. मी थांबले तशी ती बाकावर जरा सरकली आणि शेजारी जागा केली.

"बसा आता," ती म्हणाली. "पाय दुखेल."

सासूबाई दारातून बघत होत्या. मी लाठी भिंतीला लावली आणि जाऊन बसले.